कागद पाहावा तपासून



या सदरात आपण एरवी माती, पाणी, बी-बियाणे आणि औषधे यांविषयी बोलतो. आज पिकावरच्या किडीविषयी नव्हे, पैशावरच्या किडीविषयी बोलायचे आहे. भुरी आणि डाऊनीच्या तडाख्यातून जिवापाड जपलेला द्राक्षमाल शेवटी न वटणाऱ्या चेकवर गेला, तर फवारणीचा उपयोग काय? उन्हाळ कांदा चार महिने चाळीत सांभाळला आणि त्याची पट्टी 'दामदुप्पट'वाल्याच्या हाती ठेवली, तर तो चाळीतच सडला असता तर काय वेगळे झाले असते?

कीड मारायची तर आधी तिचा जीवनक्रम ठाऊक हवा, हे आम्ही कृषी खात्याची माणसे नेहमी सांगतो. अंडे कोठे घालते, अळी कधी बाहेर पडते, कोष कोठे सापडतो, हे समजले की निम्मे काम झाले. फसवणुकीचाही असाच ठरलेला जीवनक्रम असतो. माणसे बदलतात, रक्कम बदलते, रीत तीच राहते. तो जीवनक्रम समजून घेण्यासाठी लांब जायला नको. देशभर गाजलेल्या एका प्रकरणाचा धागा आपल्याच नाशिकरोडला येऊन पोहोचतो.

नाशिकरोडचा कागद

नाशिकरोडचे सरकारी छापखाने आपल्या जिल्ह्याचे भूषण आहेत. पूर्वी हिंदुस्थानची टपाल तिकिटे विलायतेहून छापून येत. १९२५ च्या सुमारास भारत प्रतिभूती मुद्रणालय सुरू झाले आणि तिकिटे, मुद्रांक येथे छापले जाऊ लागले. १९२८ साली शेजारी नोटांचा छापखाना उभा राहिला. पंचक्रोशीतल्या कितीतरी घरांच्या चुली या छापखान्यांच्या पगारावर पेटल्या, आणि तिथल्या हजारो कामगारांनी पिढ्यान्‌पिढ्या इमानाने काम केले. हे आधी सांगतो, कारण थोड्यांच्या करणीने सगळ्यांना डाग लावणे बरोबर नाही.

मुद्रांक म्हणजे आपण ज्याला स्टॅम्पपेपर म्हणतो तो. त्या कागदाला स्वतःची अशी किंमत नसते. त्यावर सरकारचा ठसा आहे म्हणून तो शंभराचा, हजाराचा किंवा पाच हजारांचा होतो. खरेदीखत, गहाणखत, भागीदारीचा करार यांसाठी माणूस डोळे मिटून त्यावर विश्वास ठेवतो. याच विश्वासावर अब्दुल करीम तेलगी याने हात मारला.

तेलगी मूळचा बेळगाव जिल्ह्यातील खानापूरचा. मुंबईत बनावट कागदपत्रांच्या प्रकरणात तो एकदा पकडला गेला होता. तरीही १९९४ साली त्याला मुद्रांकविक्रीचा परवाना मिळाला. पुढे त्याने मुंबईत स्वतःचा छापखाना थाटला. नाशिकरोडच्या मुद्रणालयातून मोडीत निघालेली यंत्रे त्याच्याकडे पोहोचल्याचे तपासात पुढे आले. खऱ्या कागदाच्या घरातलेच यंत्र हाती आल्यावर खोटा कागद खऱ्यासारखा दिसू लागला, यात नवल नाही. मग त्याने अनेक राज्यांत विक्रीसाठी माणसे नेमली. बँका, विमा कंपन्या, शेअर दलाल असे मोठे गिऱ्हाईक गाठले. बाजारात खऱ्या मुद्रांकाची टंचाई, आणि याच्या माणसांकडे हवा तेवढा माल! तो कोठून आला, असे गिऱ्हाइकाने विचारले नाही.

नोव्हेंबर २००१ मध्ये तेलगीला अजमेर येथे अटक झाली. २००२ साली पुण्यात बनावट मुद्रांकांचा साठा पकडला गेला आणि प्रकरण वाढत गेले. अण्णा हजारे यांनी मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली, विशेष तपास पथक नेमले गेले आणि २००४ साली तपास सी.बी.आय.कडे गेला. मोठ्या हुद्द्यावरच्या पोलीस अधिकाऱ्यांनाही अटक झाली. त्यांपैकी काही पुढे न्यायालयातून सुटले, हेही सांगितले पाहिजे. तेलगीला २००६ आणि २००७ मध्ये दीर्घ मुदतीच्या सक्तमजुरीच्या शिक्षा झाल्या, २०२ कोटी रुपयांचा दंड झाला. ऑक्टोबर २०१७ मध्ये, शिक्षा भोगत असतानाच, तो बंगळूरच्या रुग्णालयात वारला. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०१८ मध्ये, नाशिकच्या न्यायालयात चाललेल्या एका खटल्यात पुराव्याअभावी त्याची आणि इतर आरोपींची मुक्तता झाली. अटकेपासून त्या निकालापर्यंत १७ वर्षे गेली.

तीन फाटके

ही हकीकत गोष्ट म्हणून ऐकून सोडून देऊ नका. मळ्यात चोर शिरला की आपण कुंपण तपासतो, तसे हे प्रकरण तपासा. येथे तीन फाटके उघडी राहिली.

पहिले फाटक वस्तूचे. ज्या यंत्राने खरा मुद्रांक छापला जातो, ते मोडीत काढताना भंगाराचा तुकडा होऊनच बाहेर पडायला हवे होते. दुसरे फाटक राखणदाराचे. परवाना देणारा, तपासणारा, पकडणारा यांपैकी कोणी डोळेझाक केली, कोणी हात ओले केले. कुंपणच शेत खाऊ लागले की राखण कोणी करायची? आणि तिसरे फाटक घेणाऱ्याचे. त्याने हाती आलेला कागद तपासला नाही. आपले काम आज होतेय ना, मग कागद कोठून का येईना, अशी त्याची वृत्ती.

पहिली दोन फाटके आपल्या ताब्यात नाहीत. ती सरकारने सांभाळायची, आणि सांभाळली नाहीत तर आपण मतपेटीतून आणि ग्रामसभेतून जाब विचारायचा. तिसरे फाटक मात्र आपल्या घराच्या उंबऱ्यावर आहे. त्याची कडी घरच्या माणसांच्या हातात आहे. मला आज एवढेच सांगायचे आहे की, लबाड माणूस फार हुशार असतो म्हणून फसवणूक होते असे नाही. ज्याने विचारायचे तो भीड धरतो, घाई करतो किंवा लोभात पडतो, म्हणून ती होते. गावातल्या रोजच्या व्यवहारात हे तिसरे फाटक कसे लावायचे, ते आता पाहू.

शिवारातला सौदा

द्राक्षाचा हंगाम आला की परगावचे व्यापारी येतात. बहुतेक सचोटीचे असतात, त्यांच्यामुळेच आपला माल दिल्ली-कोलकात्यापर्यंत जातो. पण त्यांच्यात एखादा लबाड मिसळतो. त्याची चाल ठरलेली. पहिल्या गाडीचे पैसे रोख. दुसऱ्या गाडीचे दोन दिवसांनी. गावात नाव होते, 'शेट माणूस चोख आहे.' मग भाव किलोमागे दोन-तीन रुपये चढा सांगतो आणि आठ-दहा बागांचा माल उधारीवर उचलतो. हंगामाच्या शेवटी फोन बंद, भाड्याच्या खोलीला कुलूप. लबाडाचे आवतण जेवल्याशिवाय खरे नाही, ते यालाच म्हणतात.

बाजार समितीच्या आवारात विकलेल्या मालाचे पैसे त्याच दिवशी चुकते व्हावेत असा नियम आहे. तिथे व्यापाऱ्याचा परवाना असतो, काट्याची पावती असते, दाद मागायला समितीचे दार असते. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक मिळाली. मोकळीक चांगलीच आहे, पण शिवारात राखणदार नसतो. तिथे राखणदार आपणच. म्हणून हे करा:

एक. सौद्याआधी व्यापाऱ्याचे आधार, पॅन आणि जी.एस.टी. क्रमांक, कायमचा पत्ता, मालाची गाडी कोणत्या पेढीवर जाणार ते लिहून घ्या आणि खात्री करा. ज्या गावात त्याने गेल्या हंगामात माल घेतला, तिथल्या दोन बागायतदारांना स्वतः फोन करा.

दोन. सौदापावतीवर भाव, माल उचलण्याची तारीख, क्रेटचे वजन धरून की सोडून, आणि पैसे देण्याचा दिवस लिहा. दोघांच्या सह्या आणि दोन साक्षीदार घ्या. गाडी भरली की तिचा क्रमांक आणि वजनकाट्याची पावती जपून ठेवा.

तीन. पहिल्या गाडीचे पैसे खात्यावर जमा झाल्याखेरीज दुसरी गाडी भरू नका. हा नियम पाळाल तर बुडाली तरी एकच गाडी बुडेल, वर्ष बुडणार नाही.

चार. चेक घेतलात तर त्यावरची तारीख पाहा आणि तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत भरा. चेक परत आला तर बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत वकिलामार्फत नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवसांची मुदत असते. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार करावी लागते. 'बघू, देईल, ओळखीचा आहे' करता करता ३० दिवस उलटतात आणि हातातला कायदा निसटतो.

आणि फसलोच, तर लाजू नका. २०२० साली नाशिक परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी अशा फसलेल्या शेतकऱ्यांनी पुढे यावे म्हणून मोहीम काढली. वर्षानुवर्षे मनात दाबून ठेवलेल्या तक्रारी बाहेर आल्या आणि अनेक व्यापाऱ्यांना कोट्यवधी रुपये परत करावे लागले. पण ज्यांच्याकडे पावत्या आणि सौद्याचे कागद होते, त्यांचेच म्हणणे बळकट ठरते, हे लक्षात ठेवा.

दामदुप्पटीचे गणित

२०१४ साली नाशिक जिल्ह्यात के.बी.सी. मल्टिट्रेड या कंपनीचे प्रकरण उघडकीस आले. कमी मुदतीत पैसे कितीतरी पट करून देण्याचे आमिष होते. शेतकरी, नोकरदार, पोलीस, विधवा बाया, सगळ्यांचे पैसे त्यात गेले. संचालक परदेशी निघून गेला होता. मे २०१६ मध्ये सिंगापूरहून परतताना त्याला मुंबईच्या विमानतळावर अटक झाली. त्याच वर्षी मैत्रेय या दुसऱ्या कंपनीविरुद्धही नाशिकमध्ये गुन्हा दाखल झाला. दोन्ही वेळा लोकांना ओढणारे एजंट परके नव्हते. कोणाचा मेहुणा, कोणाचा साडू, कोणाचे गुरुजी. आपण कंपनीवर विश्वास ठेवत नाही, पाहुण्यावर ठेवतो. आणि तो पाहुणाही फसलेलाच असतो.

अशा योजनेचे गणित घरातली शाळकरी पोरही करू शकते. ७२ या आकड्याला वर्षांनी भागा. जो आकडा येईल, तेवढे शेकडा व्याज मिळाले तर त्या वर्षांत पैसे दुप्पट होतात. बँकेने शेकडा ७ दिले तर पैसे दुप्पट व्हायला दहा वर्षे लागतात. कोणी तीन वर्षांत दुप्पट म्हणाला, तर त्याला दरसाल शेकडा २४ मिळवावे लागतील, शिवाय एजंटाचे कमिशन, कार्यालय, मोटार आणि मेळाव्याचे जेवण वेगळे. असा कोणता धंदा आहे जो दरसाल एवढे देतो, तेही कधी न चुकता? असता तर बँकांनीच तो केला नसता का?

आणि 'पाच माणसे आणा' म्हणणाऱ्याचे गणित तर याहून सोपे. एकाने पाच आणले, त्या पाचांनी प्रत्येकी पाच म्हणजे पंचवीस, मग सव्वाशे, मग सहाशे पंचवीस. दहाव्या फेरीला ९७ लाखांहून अधिक नवी माणसे लागतात. २०११ च्या जनगणनेत आपल्या सबंध नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या, पाळण्यातल्या बाळांसकट, ६१ लाख होती. माणसे संपली की योजना कोसळणार हे ठरलेलेच. नफा म्हणून जो पहिल्यांच्या हाती पडतो, तो शेवटच्यांच्या खिशातून काढलेला असतो.

बुडालेल्यांसाठी महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे. त्याखाली कंपनीची मालमत्ता जप्त करून पैसे परत देता येतात. पण जप्ती, लिलाव, न्यायालय यांत वर्षे जातात. मुलीचे लग्न तेवढी वर्षे थांबत नाही. म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, 'तुम्हाला ठेवी घ्यायला रिझर्व्ह बँकेची परवानगी आहे का? कागद दाखवा.' आणखी एक गोष्ट बऱ्याच घरांत ठाऊक नसते. बँकेतल्या ठेवीला, सहकारी बँकेतल्यासुद्धा, दर बँकेमागे दर माणसाला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला ते संरक्षण नाही. पतसंस्था वाईट असे मी म्हणत नाही, पण सगळी अंडी एका टोपलीखाली ठेवू नका.

जमिनीचा कागद

तेलगी प्रकरणानंतर मुद्रांकाची रीत पुष्कळ बदलली. मोठ्या रकमेचे शुल्क आता बँकेतून आणि संगणकावरच्या चलनाने भरले जाते. पण कागदाचे धोके संपलेले नाहीत. तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली, शेतजमिनीची खरेदी नोटरीच्या शिक्क्यावर होत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात दस्त नोंदवला गेला तरच ती खरेदी. 'सध्या नोटरी करू, नोंदणी नंतर' असे कोणी म्हटले की तिथेच थांबा. नोंदलेल्या दस्ताची सूची क्रमांक दोन मिळते, ती पाहिल्याखेरीज पुढचे पैसे देऊ नका.

दुसरी, मुद्रांक विकत घेतल्याच्या तारखेपासून सहा महिन्यांत वापरावा लागतो. मागच्या तारखेचा मुद्रांक 'मिळवून देतो' म्हणणारा माणूस तुमचे काम करत नसतो, तुम्हाला गुन्ह्यात ओढत असतो.

तिसरी, सातबारा आणि आठ अ वर्षातून दोन वेळा तरी काढून पाहा. डिजिटल सहीचा सातबारा आता संगणकावरून पंधरा रुपयांत मिळतो, त्यासाठी तलाठी कार्यालयात खेटे घालायला नकोत. फेरफाराची नोटीस निघाली की हरकतीला पंधरा दिवस मिळतात. म्हातारी आई, विधवा भावजय, परगावी नांदणारी बहीण यांची नावे सातबाऱ्यावर आहेत का, तेही पाहा. चोरी काही वेळा बाहेरचा माणूस करत नाही. भाऊच करतो.

एक छोटी पण पैसे वाचवणारी गोष्ट. जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला काढताना जोडायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक शुल्क महाराष्ट्र शासनाने २००४ सालीच माफ केलेले आहे. साधा कागद चालतो. मुलांच्या दाखल्यासाठी कोणी स्टॅम्पपेपर आणायला लावला तर नम्रपणे नियम विचारा.

फोनवरचा भामटा

आता चोराला गावात यावे लागत नाही. 'किसान योजनेचा हप्ता अडकलाय, ही फाइल उघडा' असा निरोप मोबाइलवर येतो. ती फाइल उघडली की फोनचा ताबा त्याच्याकडे जातो. कोणी पोलीस किंवा सी.बी.आय.चा अधिकारी म्हणून चित्रफोनवर बोलतो आणि 'तुम्हाला डिजिटल अटक केली आहे' म्हणून घाबरवतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. बँक कधीही फोनवर ओ.टी.पी. किंवा पिन विचारत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नका, त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासाभरात कळवले तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येण्याची शक्यता बरीच असते. रात्री गेले म्हणून सकाळची वाट पाहू नये.

टेबलाखालचा हात

आता अवघड विषय. मीही सरकारी नोकर आहे. सगळी खाती धुतल्या तांदळासारखी आहेत, असे मी म्हणणार नाही. पण लाच देणाऱ्याशीही मला बोलायचे आहे. ठिबकच्या अनुदानासाठी आपला नंबर पुढे यावा म्हणून एकाने चहापाणी दिले, की मागच्या गरीब माणसाचा नंबर मागे गेला. त्याची बाग त्या उन्हाळ्यात वाळली, तर त्या पापाचा वाटा कोणाचा? तेलगीचा कागद घेणाऱ्याने विचारले नाही, तसेच आपणही विचारत नाही. तिसरे फाटक आपणच उघडून देतो.

कायदाही आता तेच सांगतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा १९८८ चा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणारासुद्धा गुन्हेगार ठरतो. मात्र ज्याला जबरदस्तीने द्यावी लागली आणि ज्याने सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा लाचलुचपत प्रतिबंधक खात्याला कळवले, त्याला संरक्षण आहे. देण्याआधीच कळवले तर फारच उत्तम. क्रमांक १०६४, पैसे न पडणारा. मागणी खरी आहे का, याची आधी पडताळणी होते आणि मग सापळा लागतो. नोटांना जी पूड लावतात त्यांत फिनॉल्फ्थॅलीन असते. आमच्या प्रयोगशाळेत हेच द्रव्य अल्कली ओळखायला वापरतात. नोट हाताळणाऱ्याचे हात सोड्याच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होते. पाणी कोणाची भीड धरत नाही.

सापळ्यापर्यंत जायचे नसेल तर साधे मार्गही आहेत. अर्ज दिलात की पोच घ्या, तारखेसह. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा हे ठरलेले आहे, तो फलक कार्यालयात लावावा लागतो. काम रखडले तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज द्या आणि एवढेच विचारा, 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत कोणी, कोणत्या तारखेला, काय कारवाई केली?' तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. पुष्कळदा उत्तराऐवजी कामच होऊन येते.

घरची वही

शेवटी एक काम सांगतो. घरात एक जाड वही करा. तिच्यात सौदापावत्या, खते-औषधांची पक्की बिले, ठेवींच्या तारखा, कर्जाचे हप्ते, सातबाऱ्याचे उतारे आणि वर सांगितलेले दोन क्रमांक ठेवा. वही एकट्या कारभाऱ्याने ठेवू नये. घरधनिणीला ती वाचता आली पाहिजे, दहावीतल्या लेकीने दर महिन्याला तिची बेरीज केली पाहिजे. जिथे हिशेब एकाच डोक्यात असतो, तिथे ते डोके फिरवले की काम होते. चार डोळ्यांनी पाहिलेला कागद सहसा दगा देत नाही.

आणि एक नियम घराच्या दारावर लिहून ठेवण्यासारखा आहे. मोठ्या रकमेचा निर्णय आलेल्या दिवशी घ्यायचा नाही. मध्ये एक रात्र जाऊ द्यायची. खरा व्यापारी, खरी बँक, खरा अधिकारी उद्याही तिथेच असतो. ज्याला 'आजच, आत्ताच' हवे असते, त्याला उद्या तुमच्या गावात थांबायचे नसते.

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे जुनी माणसे म्हणत. त्याला आता आणखी एक जोड द्या, कागद पाहावा तपासून. 'आम्ही बुवा साधी माणसे, आम्हाला काय कळते' असे म्हणू नका. ज्याला पानावरचा एक ठिपका पाहून रोग ओळखता येतो, त्याला खोटा माणूसही ओळखता येतो. फक्त तितक्याच बारकाईने पाहायला हवे.

पुढच्या अंकी ऑक्टोबर छाटणीआधी माती-परीक्षणाचा नमुना कसा घ्यावा ते पाहू. तोवर वही करायला घ्या. काही शंका असेल तर पत्र जरूर लिहा.